मुगाच्या दाण्याएवढी

शनिवारी रात्री नऊनंतर
रामबागेत हेरंब मुंगीच्या वरच्या खोलीत
आम्ही चौघं जमतो.
पाचवं त्याचं मशीन:
एका बाजूला काच, आत जांभळा उजेड,
लग्नाचा मांडव उतरवायचा राहून गेल्यासारखा.

"बत्तीस होते, चौसष्ट केले,"
हेरंब सांगतो,
जसे कुणी प्लॉटचे चौरस फूट सांगावेत.
पीयूष बंडी लगेच, "कित्ते में पड़ा?"
त्याला वेग नंतर, आधी भाव.

नचिकेत पुणतांबेकर बोलत नाही,
फोन पुढे करतो. त्यावर तापमानाचा आलेख:
पूर्ण भारावर चौपन्न अंश,
तेही मे महिन्यात, इंदूरला.
खोली गप्प.
मग हेरंब म्हणतो, "कूलर समोर ठेवला असशील."
ठेवलेलाच असतो.
खसाच्या ताट्यांचा, पाण्याचा कूलर मशीनच्या तोंडाशी,
आणि बायकोपोरं पंख्याखाली.

मी शेवटी सांगते, जाता जाता.
माझा डबा शाळेच्या लिलावातला,
मदरबोर्ड पीयूषचा, दोन उन्हाळे जुना,
ग्राफिक्स कार्ड हेरंबने काढून टाकलेलं,
त्याचा एक पंखा कुरकुरतो.
आठ जीबीची पट्टी सियागंजातल्या मुर्तजाभाईंची.
वहीच्या कागदात सुपारीसारखी बांधून दिली होती,
"चली तो आपकी, बेन, नहीं चली तो मेरी."
चालली.
त्यावर मी भरतकामाची डिझाइनं करते,
साडीचे काठ, ब्लाउजच्या पाठी,
आणि रात्री, कबूल आहे, थोडं गाड्या पळवणं.

थोरल्या बहिणीच्या फ्रॉकांत वाढलेय मी.
कुठली शिवण उसवायची, कुठे माया सोडायची,
हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

भांडण मात्र दर वेळी पेस्टवरून.
प्रोसेसरवर किती लावायची?
हेरंब म्हणतो, फुली मार.
पीयूष म्हणतो, पसर, जुन्या एटीएम कार्डाने,
पोळीला तूप लावतात तशी.
नचिकेत म्हणतो, मटाराएवढी.
मटार कुठला, मी विचारते,
हिवाळ्यातला, की फ्रीजमधला?
मुगाच्या दाण्याएवढी पुरे.
बाकीचं दाब करतो.

साडेदहाला लाइट जाते.
बल्ब विझतो, जांभळा मांडव तसाच,
आणि यूपीएसची टींव टींव.
"अठरा मिनिटं," हेरंब अंधारात म्हणतो.
नचिकेतकडे बावीस. पीयूषकडे पस्तीस,
ते कुणी मानत नाही.
चौघंही घड्याळं लावून बसतो.
अकराव्या मिनिटाला मांडव जातो.
कुणी काही बोलत नाही. खाली कुठेतरी
कुल्फीवाला घंटा वाजवत निघून जातो.

माझ्याकडे यूपीएस नाही.
माझा डावा हात दर दोन मिनिटांनी
आपोआप सेव्ह दाबतो.
झोपेतसुद्धा, शशांक सांगतो,
चादरीवर.

निघताना हेरंब दाराशी,
"जुने बत्तीस पडून आहेत... नेतेस?"
"बघते," मी म्हणते.
पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर असतोच,
पण तो त्याला दिसू देत नाही.

कृष्णपुऱ्याच्या पुलावरून अ‍ॅक्टिव्हा,
दोन पट्ट्या रुमालात, रुमाल पोटाशी.
घरी सगळे झोपलेले.
जमिनीवर डबा आडवा करते, फुंकर मारते,
धूळ माझ्याच चष्म्यावर.
पट्ट्या बसवते. स्क्रीन काळी.
मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन
सोनेरी दात घासते, पुन्हा लावते,
आधी एका टोकाला, मग दुसऱ्या,
टक.
टक.

आठ आणि बत्तीस, चाळीस.
असला वेडावाकडा आकडा
आमच्यात कुणाकडेच नाही.